मशीन शांत हवं

४ फेब्रुवारी

प्रिय काका,

तुला ऐकू येत नाही, तेव्हा फोन करून उपयोग नाही; आणि मेसेजला तू "बरं" एवढंच उत्तर देतोस. म्हणून कागद घेऊन बसले आहे. पत्राला तू निदान चार ओळी तरी लिहितोस, असं आईचं निरीक्षण आहे.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. आईच्या घशाचे रिपोर्ट आले. स्वरयंत्र काढावंच लागणार. अठरा मार्चला ऑपरेशन. त्यानंतर ती खाईल, फिरेल, माझ्यावर डोळे वटारेल, पण बोलू शकणार नाही. जीव वाचतोय ना, मग रडायचं नाही, असं तिनेच मला दटावलं. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डवर तीस वर्षं बसलेली बाई ही! "बोला, कोण हवंय?" एवढं म्हणाली की पलीकडचा माणूस सावरून बसायचा.

आता पुढचं. हॉस्पिटलात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी आईने कॉम्प्युटरसमोर बसून बाराशे वाक्यं वाचायची. स्क्रीनवर वाक्य येतं, ती वाचते, प्रोग्राम उच्चार तिथल्या तिथे तपासतो आणि ठेवून घेतो, आणि बाई नंतर सगळं ऐकून पास करतात. मग त्यावरून तिच्या आवाजाचा साचा तयार होतो. पुढे ती टाइप करेल आणि कॉम्प्युटर बोलेल, आणि तेही कुठल्या परक्या बाईच्या नाही, आईच्या आवाजात.

माझा जुना लॅपटॉप हा प्रोग्राम उघडतानाच मान टाकतो. बाईंनी कागदावर लिहून दिलं आहे: बारा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, बत्तीस जीबी रॅम. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी. तू कॉम्प्युटर जोडून विकणारा, म्हणून तुझ्या गळ्यात पडते आहे.

माझी अट एकच. मशीन शांत हवं. एकदम शांत. मागच्या खोलीत आईपासून हातभर अंतरावर ते राहणार आहे. बाकी तू म्हणशील ती पूर्व.

कॅबिनेट मात्र मी घेऊन टाकलं. पुढून सगळी काच आहे, आईला फार आवडलं.

तुझी
टकळी


९ फेब्रुवारी

टकळे,

पत्र वाचलं. शटर अर्धं ओढून घेतलं आणि परत वाचलं. मला असल्या वेळी काय लिहावं ते सुचत नाही, तुला माहीत आहे. वहिनीला सांग, मशीन मी जोडतोय. दुसरीकडे चौकशीसुद्धा करायची नाही.

आमच्या धंद्यात एकेक भाग चांगला असून भागत नाही. त्यांचं आपसांत पटावं लागतं. प्रोसेसरला जी बैठक लागते तीच मदरबोर्डवर हवी, नाहीतर दोघंही भारी आणि दोघंही बेकार. रॅम जुन्या पिढीची वेगळी, नव्या पिढीची वेगळी. दिसायला बहिणी, पण खाच पाव इंच इकडची तिकडे. जोर लावून बसवायला गेलीस तर मोडेल, बसणार नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे घरातला खादाड माणूस. त्याला पुरेल एवढा पॉवर सप्लाय हवा आणि पाय पसरायला जागा हवी. तुमच्याकडे नाही का, काच उत्तम, फ्रेम उत्तम आणि काच फ्रेममध्ये बसत नाही? तेच हे.

तुझं काचेचं कॅबिनेट परत कर. पुढून काच म्हणजे नाक दाबून पळायला सांगणं. हवा पुढून आत यायला हवी, मागून बाहेर जायला हवी. मी जाळीचं घेतो. वहिनीला म्हणावं, बघायला छान असं तिला दुसरं काहीतरी आणू.

शांत हवं म्हणतेस, त्याची काळजी सोड. अशांत मशीन माझ्या दुकानातून आजवर बाहेर पडलेलं नाही. प्रत्येक मशीन मी तासभर राबवतो, वर तळहात ठेवून बघतो, आणि खात्री पटली की चिठ्ठीवर 'शांत' लिहून चिकटवतो. गिऱ्हाइकं ती चिठ्ठी काढतही नाहीत.

टेबलाखाली किती जागा आहे ते मापून कळव. अंदाजाने नको. पट्टी लावून.

काका


१३ फेब्रुवारी

प्रिय काका,

टेबलाखाली उंची बावन्न सेंटिमीटर, खोली साठ, रुंदी चाळीस. फ्रेमची दांडी मापतो त्या पट्टीने मापलं आहे, तेव्हा मिलिमीटरचाही फरक निघणार नाही.

कॅबिनेट परत केलं. दुकानदार म्हणाला, "का हो, आवडलं नाही?" मी म्हटलं, "काकांना आवडलं नाही." त्याने लगेच पैसे मोजून दिले.

"मशीन मी जोडतोय" एवढी ओळ आईने तीनदा वाचली. मग चष्मा पुसला. मग मला म्हणाली, चष्म्याची काच खराब आहे, तुझ्या दुकानातली आहे ना.

वाक्यांची वही आधी सरावाला मिळाली आहे. काय वाक्यं आहेत काका! "निळ्या पेटीत सात चमचे आहेत का?" "उंटाने छत्री विकत घेतली नाही." म्हणे सगळे उच्चार त्यात येतात. आई म्हणाली, "उंटाची चौकशी मी जन्मात कोणाकडे करणार नाही, तरी वाचते." शेवटची पन्नास वाक्यं मात्र आपली आपण ठरवायची. तिने त्यांची यादी करायला घेतली आहे. मला दाखवत नाही.

हल्ली ती दुपारी मुद्दाम गप्प बसते, घसा राखते. घर इतकं रिकामं वाटतं की मी उगाच भांडी आपटते. अठरा मार्चनंतर काय होईल त्याची ही रंगीत तालीम वाटते आणि मला ती नको आहे. तू लवकर पाठव. आणि तू आहेस म्हणून मला हे एवढं तरी नीट लिहिता येतंय.

टकळी


२० फेब्रुवारी

टकळे,

मशीन आजच्या पार्सलने निघालं. हे पत्र वरच्या खोक्यात आहे.

पहिला कूलर, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो, जाडजूड घेतला होता. एकशे पासष्ट मिलिमीटर उंच. कॅबिनेटमध्ये जागा एकशे साठ. पाच मिलिमीटरसाठी झाकण लागेना. दोन दिवस मी त्याच्याकडे आणि त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी बुटका कूलर बसवला आणि राहिलेली कसर पंख्यांनी भरून काढली. सहा पंखे आहेत. साधेसुधे नाहीत, मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर-खोलीत लावतात तसले. मागे कागद धरलास तर हातातून सुटतो. सहाही पूर्ण वेगाला बांधून टाकले आहेत, तुला काही बघायला नको.

तीन तास राबवलं. चव्वेचाळीस अंशांच्या वर काटा गेला नाही. बावीस वर्षांत इतकं शांत मशीन मी जोडलेलं नाही. चिठ्ठी या वेळी पेनने लिहिली आहे.

वहिनीला म्हणावं, सावकाश वाच. घाई केलीस की तू शेवटची अक्षरं खातेस, हे मला आठवतंय.

काका


२५ फेब्रुवारी

प्रिय काका,

मशीन सुखरूप पोचलं. काय देखणं जोडलं आहेस! आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या. आईने खोक्यावरची चिठ्ठी न फाडता काढली आणि आपल्या डायरीत ठेवली.

आणि गार म्हणजे किती गार! मागून असा वारा येतो की आई शाल घेऊन बसते. प्रोग्राम चुटकीसरशी उघडतो. लॅपटॉपसारखं वाट बघणं नाही, काही नाही. तुझे आभार कसे मानू? तू मानू देणार नाहीस, म्हणून पत्रात मानून घेते. घरी आलास की तुझ्या पाया पडणार आहे, पळून जाऊ नकोस.

वाक्यं सुरू झाली आहेत. पहिली दोनशे बाईंनी परत वाचायला सांगितली, पण सुरुवातीला होतंच असं. आईचा घसा लवकर दुखतो, म्हणून दिवसाला फार होत नाहीत. वाचन चालू असताना मशीनवर आम्ही जाड रजई टाकतो. बाकी सगळं छान.

टकळी


२८ फेब्रुवारी

टकळे,

रजई???

चालत्या मशीनवर रजई कोण टाकतं? आधी ती काढ, मग पुढचं वाच. काढलीस? अगं, पोराच्या तोंडावर उशी ठेवल्यासारखं आहे ते. सगळी हवा कोंडेल, कार्ड जळेल, आणि तुझ्या आईची वाक्यं मध्येच अडकतील.

कशासाठी टाकली होतीस? एका ओळीत कळव.

काका


२ मार्च

प्रिय काका,

काढली. धूळ बसू नये म्हणून टाकली होती. मी मूर्ख आहे. तू शांत हो.

टकळी


५ मार्च

टकळे,

धुळीसाठी माणूस फडकं टाकतो. रजई टाकत नाही.

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलो. गार आहे असं लिहिलंस. वारा, वायरी, चिठ्ठी, सगळ्यावर लिहिलंस. पण "मशीन शांत आहे" हे कुठेच नाही. अट तर तेवढी एकच होती. तेव्हा काहीतरी चुकलंय एवढं कळलं. काय ते कळेना.

तसलेच पंखे लावलेलं दुसरं एक मशीन दुकानात होतं. ते सुरू केलं आणि शेजारच्या घड्याळजीला बोलावलं. त्याच्या मिशांमुळे मला त्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणून तो पुठ्ठ्यावर लिहितो. मी विचारलं, कसं आहे? त्याने लिहिलं, "गिरणी." मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस? त्याने लिहिलं, "मला वाटलं तुमच्या धंद्यात असंच असतं."

माझ्यासाठी 'शांत' म्हणजे न तापणारं. कान गेल्यापासून छत्तीस वर्षांत या शब्दाचा दुसरा अर्थ मला लागलाच नाही. तुझं पत्र आलं तेव्हाही माझ्या डोक्यात आवाज आलाच नाही. रेकॉर्डिंगसाठी मशीन जोडतोय हे माहीत असून आला नाही. ही चूक माझी. पुरती माझी.

आता तुझी. पहिल्याच दिवशी लिहिलं असतंस तर आठ दिवस वाचले असते. वहिनीच्या आवाजाचे आठ दिवस, टकळे. मला वाईट वाटू नये म्हणून तू ते खर्च केलेस. ऐकू न येणाऱ्या माणसाला त्याच्या कामातली खोट सांगायची नाही, हे तुला कोणी शिकवलं? तुझ्या आईने खास नाही. माझे कान गेल्यावर पहिल्या महिन्यातच तिने मला सांगितलं होतं, तू फार मोठ्याने जेवतोस.

राग इथे संपला. आता काम.

सोबतच्या खोक्यात एकशे अठ्ठावन्न मिलिमीटरचा दुहेरी कूलर आहे. झाकण लागेल. रॅम बुटक्या जातीची आहे, त्यामुळे त्याच्या पंख्याला अडणार नाही. तीन मोठे पंखे आहेत. मोठा पंखा रमतगमत फिरला तरी पुष्कळ हवा देतो. छोट्याला तेवढ्यासाठी जीव तोडावा लागतो. जुने सहाही काढ. नवे बसवताना स्क्रू वापरू नकोस, रबराच्या खुंट्या दिल्या आहेत, म्हणजे थरथर पत्र्यात उतरत नाही. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट स्पिरिटने पूस, नवी वाटाण्याएवढी लाव. वाटाण्याएवढी. छोल्याएवढी नाही. वेग कुठे कसा कमी करायचा ते वेगळ्या कागदावर चित्र काढून दिलंय.

मी स्वतः आलो असतो, पण पार्सल माझ्यापेक्षा दीड दिवस आधी पोचतं, आणि तो दीड दिवस आता आपल्याकडे नाही.

इथे हाच जोड करून बघितला. वर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली, पाणी हललं नाही. एवढ्यावर या वेळी विश्वास ठेवला नाही. घड्याळजीला डोळे मिटून बसवलं आणि वेग उतरवत गेलो. एका जागी त्याने हात वर केला आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, "आता हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते." तापमान एकसष्ट. तेवढं चालतं. मला आवडत नाही, पण चालतं.

तुझे हात चष्म्याचे स्क्रू फिरवतात. हे त्याच्या मानाने रांगडं काम आहे. घाबरू नकोस.

काका


९ मार्च

प्रिय काका,

खरं सांगते आता. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि आई दचकून उठून उभी राहिली. दोनशे वाक्यं वाचली ती सगळी बाईंनी परत पाठवली. आईच्या आवाजामागे सतत घरघर होती. मशीन स्वयंपाकघरात नेलं, तर आईला स्क्रीन दिसेना, आणि लांब वायरीने माइकमध्येच गुणगुण यायला लागली. मग रजई. मग तू रागावलास, मग रजईही गेली. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. तुला लिहायला बसले की ती पेनाने लिहिलेली चिठ्ठी डोळ्यांसमोर यायची आणि हात चालायचा नाही. तू बरोबर आहेस, आठ दिवस मी घालवले. मला माफ कर असं म्हणत नाही. परत असं करणार नाही एवढं म्हणते.

खोकं परवा आलं. मी रजा टाकली. आई टॉर्च धरून शेजारी बसली आणि बोर्डवर बसल्यासारख्या सूचना देत होती, "डावीकडची जोडली? आता उजवीकडची घे." पेस्ट बघून म्हणाली, "हा वाटाणा आहे का? मला तर मसूर दिसतो." एक स्क्रू आत पडला, तो दुकानातल्या चुंबकाच्या काडीने काढला. झाकण लागलं! काका, झाकण लागल्याचा तो 'टक्' आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही.

बटण दाबलं. आई म्हणाली, "अगं, सुरू कर ना." मी म्हटलं, "सुरू आहे." तिने वाकून कॅबिनेटला कान लावला आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मला तिथेच भरून आलं.

काल एका दिवसात दोनशे चाळीस वाक्यं झाली. बाईंनी सगळी ठेवून घेतली, एकही परत नाही. तिचा घसा दुखतो. ती गरम पाणी पिते आणि म्हणते, "पुढचं लाव." मला थांबवता येत नाही. थांबवणारही नाही.

टकळी


१६ मार्च

प्रिय भाऊजी,

उद्या दवाखान्यात दाखल व्हायचंय. बॅग भरून झाली, म्हणून तुला लिहिते. टकळीने सगळं सांगितलं. तू तिला रागावलास ते बरं केलंस, आणि लगेच राग सोडलास ते आणखी बरं केलंस.

बाराशे वाक्यं काल पूर्ण झाली. उंटाची छत्री धरून. वाचताना वाटत होतं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या, आता माझीच लाइन कोणीतरी जोडून देतंय. तू आणि ही पोरगी. मी नशीबवान बाई आहे. लोक आजारात एकटे पडतात. माझ्या टेबलाखाली माझ्या दिराने जोडलेलं मशीन आहे.

माझी पन्नास वाक्यं काय होती ते विचारशील. "लाइनवर थांबा." "टकळे, पुरे झालं." "दूध बघ गं." "मला कळतंय, मोठ्याने सांगू नका." अशीच रोजची. ज्ञानाची एकही गोष्ट सुचली नाही.

शेवटचं वाक्य नुसती हाक आहे. तुझ्या नावाची. टकळी म्हणाली, "अगं आई, काकाला ती ऐकू येणार नाही." मी म्हटलं, म्हणून मी हाक मारायचं कधी सोडलं होतं का?

ऑपरेशनला येऊ नकोस. बेशुद्ध बाईकडे बघत बसायला इतक्या लांब कशाला यायचं? मी घरी आल्यावर ये. चार दिवस राहा.

तुझी
वहिनी


२५ एप्रिल

प्रिय काका,

तू परवा गेलास आणि घर पुन्हा दोघींचं झालं. पोचल्याचा मेसेज आला. "बरं." धन्य आहेस.

तू होतास तेव्हा गडबडीत सांगायचं राहून गेलं, ते लिहिते. दवाखान्यातले ते तीन आठवडे फार कठीण गेले. आईच्या गळ्याला भोक, त्यातून श्वास. ती ओठ हलवायची आणि मला काही कळायचं नाही. "पाणी?" नाही. "उशी?" नाही. "डॉक्टर?" शेवटी ती पाटीवर लिहायची, "खिडकी," आणि डोळे मिटून घ्यायची. मी तिची मुलगी, तीस वर्षं तिचं बोलणं ऐकलेली, आणि मला खिडकी कळू नये!

घरी साचा तयार होत होता. अडीच दिवस मशीन राबलं. मी तासातासाला तापमान बघायचे. सदुसष्टच्या वर गेलं नाही, आणि शेजारच्या खोलीत असल्यासारखं गुपचूप चालत राहिलं. आई घरी आल्यावर तिने टाइप केलेलं पहिलं वाक्य तुला माहीत आहे: "टकळे, पुरे झालं." मी हसता हसता रडले. दुसऱ्या दिवशी तिने बोर्डवरच्या जुन्या मैत्रिणीला फोन लावून मशीनला बोलायला लावलं, "बोला, कोण हवंय?" मैत्रीण म्हणाली, "अगं, मला तर कोणीतरी सांगितलं तुझा आवाज गेला म्हणून!" आईने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. हे सगळं तुझ्यामुळे झालं. तू पाया पडू दिलं नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. टाइप करायला वेळ लागतो. ती एक वाक्य लिहीपर्यंत आम्ही दुसऱ्याच विषयावर गेलेलो असतो. मग ती अर्धं लिहिलेलं पुसून टाकते. तिचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं आणि मी ते बघत होते.

मग तू आलास. पिशवी ठेवलीस, स्टूल ओढून तिच्यासमोर बसलास. तिने ओठ हलवले. मी सवयीने कीबोर्ड पुढे करायला गेले, तर तू हसलास आणि तिला म्हणालास, "नाही गं, बसनेच आलो." तिने आणखी काहीतरी म्हटलं. तू म्हणालास, "केस तुझेही पिकलेत." ती हात उडवून बोलत राहिली, भराभर, वाक्य अर्धवट न सोडता, आणि तू मान हलवत, मध्येच भांडत, उत्तरं देत राहिलास. मी दारात चहा घेऊन उभी. तासभर खोलीत फक्त तुझा आवाज होता. आणि मी एवढी गजबज या घरात दोन महिन्यांत ऐकली नव्हती.

आधी मला तुझा हेवा वाटला. मग इतकं हलकं वाटलं की चहा गार झाल्याचंही कळलं नाही.

मला शिकवशील का ते? आणि एक विचारते, सांगावंसं वाटलं तरच सांग. निघायच्या दिवशी ती तुला काहीतरी बोलली आणि तू उचललेली पिशवी परत खाली ठेवलीस. काय म्हणाली?

टकळी


२९ एप्रिल

टकळे,

शिकवीन. तुझ्या आईनेच मला शिकवलं. माझे कान गेले तेव्हा घरातले सगळे ओरडायचे, नाहीतर पाटीवर लिहायचे. ती नवी आलेली सून. ती समोर येऊन बसायची आणि नेहमीसारखं बोलायची, कळेपर्यंत. एकदा 'खिडकी' आणि 'खिचडी' यात मी दोन दिवस अडकलो होतो. तेव्हा तुला खिडकी कळली नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रोज अर्धा तास तिच्यासमोर बस, कीबोर्ड बाजूला ठेव. टाइप केलेलं फोनवर आणि परक्यांशी. घरात ओठ. तिला हे लिहून कळवलंय, ती तयार आहे.

जाळी महिन्यातून एकदा काढून झटक. माझ्या चिठ्ठीवर विसंबू नकोस. आता मी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहितो, गार आणि शांत. दुसरी घड्याळजी लिहितो, त्याच्या अक्षरात.

ती काय म्हणाली ते विचारलंस. सांगण्यासारखं आहे, म्हणून सांगतो.

तिने विचारलं, "सगळे म्हणतात, मशीनमधला आवाज हुबेहूब माझा आहे. तुला ते कळायचं नाही. तुझं काय रे?"

तिला वाटलं असणार की माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. मी पिशवी खाली ठेवली, कारण हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा मला ऐकू येत होतं. दीड वर्ष मी तिचा आवाज ऐकला. मग माझे कान गेले. पण आजही तिचे ओठ हलले की माझ्या आत तो आवाज येतो, तोच, तेव्हाचा. बाकी कोणाचा येत नाही. दादाचाही, तुझ्या वडिलांचाही, यायचा नाही.

मी तिला म्हटलं, "वहिनी, मी आलो त्या दिवशी तू पहिलं वाक्य बोललीस ना, तेव्हा मी घाबरून बघत होतो, आता काय होतंय. काही झालं नाही. तू बोललीस आणि मला ऐकू आलं."

काका